चार बोटं

मोबाइल डॅशबोर्डले दोन रबरांनी बांधला हाय.
त्यातली बाई म्हन्ते, "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा."
तिचं बोलनं शुद्ध. नागपुरात असं कोनी सांगत नाही.
आमच्या इकडं "थो पानठेला हाय न, तथून मुडून घे" म्हन्तेत
अन् हात असा गोल फिरवतेत
की चारही दिशा त्यात बसून जाव्या.

मार्चचा महिना. गाडीत कुलरचं गवत,
शिवनीहून भरलेलं. वजन काहीच नाही,
पन उंची अशी, की गाडी नाही, गंजी चालून रायली.
नो एंट्री उठेपर्यंत कामठी रोडवर थांबलो,
मंग बाईनं एक निळी रेघ काढून देल्ली :
अकरा मिनिटं वाचतेत म्हने.
अकरा मिनिटांचं मी काय करीन, हे तिनं इचारलं नाही.
मीही नाही.

रेघ निळी होती, गल्ली नव्हती.
एका बाजूले झाकलेले ठेले, दुसऱ्या बाजूले नाली,
मधात झोपलेलं कुत्रं, थे रज्जबनं उतरून उठवलं,
अन् समोर रेल्वेचा लोखंडी पूल,
पोट टेकवून बसलेल्या म्हशीवानी.
"सरळ जा," बाई म्हने.
मी ब्रेक मारला.
"सरळ जा."
तिच्या हिशोबानं मी एखादी मारुती असीन,
घरी जाऊन रायलेली, मांग दोन लेकरं झोपलेली.
तिले गाडीची उंची नाही माहीत,
गवत वाऱ्याले कसं धरते थे नाही.

तेवढ्यात फोन. लखवानी सेठ, जरीपटक्यातून :
"ठिपका हलून नाही रायला. काऊन?"
म्हनलं, ठिपका पुलापाशी हाय, सेठ.
"म्याप तं मोकळा दाखवते."
तं म्यापात येऊन पाहा, मी मनात म्हनलं.
तोंडानं म्हनलं, पाच मिनिटं.

सीटच्या मांग इस्तारी उस्तादाचा बांबू होता.
उस्ताद आता पारडीत असते, मोतीबिंदू घेऊन,
नातवाच्या ठेल्यावर शेंगदाने फोलते.
बांबूवर सुरीच्या खाचा, एकेक खाच म्हंजे एकेक पूल.
कोनता कोनता, थे लिवलं नाही,
थे त्याच्या अंगठ्याले माहीत होतं.
दोन वर्सं मी त्या बांबूवर टॉवेल वाळवला.

रज्जबनं टॉवेल काढून बांबू उभा केला.
तिसरी खाच बरोब्बर गर्डरले लागली.
म्हंजे उस्तादही कधी अथीच फसला होता
अन् कोनाले सांगितलं नव्हतं.

गाडी चार बोटं जास्त.
मंग दहाही चाकांची हवा सोडली, थोडी थोडी.
आखी गल्ली फुसफुसली. एका खिडकीत लाइट लागला, इझला.
गाडी खाली बसली, बुढ्या बैलावानी, आधी मांगून.
रज्जब टॉर्च घेऊन उलटा चालत, "येऊ दे, येऊ दे,"
मी पहिल्या गिअरमधे, श्वास धरून,
जसा काही माह्या श्वासानंच गवत फुगून रायलं होतं.

आठ-दहा काड्या गर्डरले लटकून रायल्या. बस.
पलीकडं निघताच बाई म्हने,
"तुम्ही सर्वात जलद मार्गावर आहात."
हवा भरता भरता रज्जब इतका हसला
का नळी हातातून सुटली.

माल उतरेपर्यंत उजाडलं.
म्यापात "चूक कळवा" असं एक बटन हाय. दाबलं.
रस्ता बंद आहे? नाव चुकलं आहे? दुकान हलवलं आहे?
बोटांचं खानं कुठंच नव्हतं.
"इतर" मधे लिवलं : कुलरचं गवत असन तं हवा सोडा.
बाईनं धन्यवाद म्हटलं.

मंग उस्तादाले फोन लावला.
उस्ताद, तिसरी खाच, खालून. सापडला मले तुमचा पूल.
बुढा बराच वेळ चूप.
मांग कढईत रेती परतल्याचा आवाज.
"किती बोटं?"
चार.
"माही सहा होती बे," म्हने,
अन् फोन ठेवला.