फुकट आणि मुक्त

परवान्यांच्या ऑडिटची नोटीस आली
तेव्हा वाडीत पारा शेहेचाळीसवर.
मुंधडाशेठ कुलरसमोरून हलले नाहीत.
"ते दुसरं फुकट आहे ना बे?"
मी म्हणालो, मुक्त आहे.
"तेच ते."
तेच नाही. पण त्या उन्हात
कोण वाद घालणार.

एकशे बारा मशीन, एक पेनड्राइव्ह, तीन रात्री.
बाहेर ट्रक रिव्हर्स घेत होते.
आत काळ्या पडद्यावर ओळी उतरत होत्या,
बिल्टीच्या कार्बनखाली उतरतात तशा,
जराशा फिक्या, पण त्याच.

सकाळी लांजेवारकाकांनी जुनी पत्रं उघडली.
'माननीय महोदय' होतं तिथे
कंस, डॉलर, उलटे स्वल्पविराम.
काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.
"मराठी कुठी गेली बाप्पा?"

नव्हतीच ती तिथे, काका.
इंग्रजी अक्षरांना घातलेला सदरा होता,
तोही भाड्याचा.
हे मी बोललो नाही.
कन्व्हर्टर लावला, डबा तसाच राहिला.
दिवेलागणीला महोदय परतले,
फक्त रफार भलत्याच डोक्यावर:
'सर्व'चं 'र्सव'.

मग काका मेनू वाचत बसले.
"धारिका? ही कोण?
अन् हे सगळं मराठीत केलं कोणी?"
मी भाषांतरकारांची यादी उघडली.
तेवीस नावं. सतरावं
करुणा टेंभुर्णे, साल दोन हजार नऊ,
आणि पुढे ईमेलचा पत्ता
आपल्याच कंपनीचा.

काका उठले. पाणी प्यायले.
आत्ताच दुरुस्त झालेल्या पत्रांतलं
एक त्यांनी बरोबर शोधून काढलं:
'कु. टेंभुर्णे, बिलिंग विभाग,
कार्यालयीन इंटरनेटचा खाजगी वापर,
सेवा आजपासून समाप्त.'
खाली टंकलेखक म्हणून
त्यांचीच आद्याक्षरं.

"रात्री थांबायची पोरगी," ते म्हणाले.
"मला विचारायची,
एखाद्याला 'जा' म्हणायचं तर
सभ्यपणे कसं म्हणायचं, काका?"
मी काय सांगितलं होतं
आठवत नाही, म्हणाले.

शेठनी परवा हिशोब मागितला, किती वाचले.
आकडा दिला. खूश झाले.

संध्याकाळी सातला
एकशे बारा पडदे एकदमच विचारतात
तिच्या शब्दांत,
'आपल्याला नक्की बाहेर पडायचे आहे का?'
सगळे न वाचता 'होय' दाबतात.
काका तेवढे
थोडा वेळ बसून राहतात.