लपलेला रकाना

क्लाक्सविकला आमच्या ऑफिसच्या काचेतून
धक्का दिसतो, किंवा दिसत नाही,
धुक्याची मर्जी.
मी याकडेही कामाच्याच नजरेनं बघते:
अट पुरी झाली तर जहाज दाखवा,
नाहीतर नुसता करडा पडदा.

मी फॉर्म बनवते. मासेमारी कंपनीसाठी,
खलाशांच्या नोंदणीचे.
'जाळ्यावर काम कराल का?'
हो म्हटलं की सात रकाने वर येतात
वारुळातून निघाल्यासारखे:
हातमोज्याचं माप, बोटांना जुनी इजा, डावं की उजवं.
नाही म्हटलं की परत जमिनीत.
पगार खात्यातली योहिल्द म्हणते,
तुझा फॉर्म माझ्या सासूवर गेलाय,
पुढचं काय विचारायचं ते
आधीच्या उत्तरावर ठरवतो.

लाल चांदणी असलेले रकाने सक्तीचे.
तिथं लोक टिंब देतात.
'मागची नोकरी का सोडली?' टिंब.
'काही आजार?' टिंब.
एकानं लिहिलं होतं, समुद्र.
मी नियम बसवला: किमान दहा अक्षरं.
दुसऱ्या दिवसापासून दहा टिंबं.

जानेवारीत एक चूक सापडली. माझीच.
'विवाहित' निवडलं की जोडीदाराचं नाव विचारलं जातं,
'विधुर' निवडलं की तो रकाना लपतो.
लपतो. रिकामा होत नाही.
नाव आतच बसून राहतं,
आणि दर वेळी सेव्ह केलं की
मुकाट्यानं सर्व्हरपर्यंत जाऊन येतं,
कुणी बोलावलं नसताना.
झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणावं
तर ऑडिटवाले म्हणतात, कचरा.
तिकीट क्रमांक चारशे बारा:
रकाना लपवताना त्यातली माहिती पुसावी.
एका ओळीचं काम.
कॉफीच्या आधी झालंसुद्धा.

चढवण्यापूर्वी नोंदी चाळल्या, सवयीनं.
एकच फॉर्म, बावीस वेळा.
हानुस, 'नोर्डलिसी' ट्रॉलरवरचा दुसरा इंजिनिअर.
रात्री साडेअकराच्या पुढे कधीतरी,
जहाजावरच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवरून
उघडला.
विधुरचं विवाहित केलं.
थांबला. चाळीस सेकंद. एकदा अकरा मिनिटं.
विवाहितचं विधुर केलं.
सेव्ह न करता बंद.

मी टेस्ट सर्व्हरवर तेच करून पाहिलं.
विधुर: काही नाही.
विवाहित:
रकाना हळूच सरकत उघडला,
पाव सेकंदाची ती हालचाल मीच घातलेली,
साहेबांना तेव्हा उगाच नखरे वाटले होते,
आणि आत, आधीच भरलेलं,
मार्जुन.

योहिल्दला विचारलं.
दोन वर्षं होतील, ती म्हणाली,
कॉलर उलटा विणायची ती, मुद्दाम, वारा लागू नये म्हणून,
माझ्याकडे एक स्वेटर आहे तिच्या हातचा...
तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर तेल कंपनी आली
आणि तिनं मला होल्डवर टाकलं.
बराच वेळ ते संगीत ऐकत होते.

अजून चढवलेलं नाही.
दर सोमवारी मीटिंगमध्ये चारशे बारा वाचलं जातं,
मी म्हणते, बघते.
काल साहेबांनी सांगितलं, तोंडी नको,
विलंबाचा फॉर्म भर.
तोही मीच बनवलेला.
'विलंब होतोय का?' हो.
खालून एक रकाना उगवला, चांदणीसकट:
'कारण'.

खिडकीबाहेर 'नोर्डलिसी' असावी, किंवा नसावी.
मी कर्सरकडे बघत बसले,
त्याची उघडझाप मोजत.
मग दिली,
एकापुढे एक,
दहा टिंबं.