ढाल

दरवर्षी अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी
जिल्ह्याचे सेक्रेटरी खोपकर आमच्या दुकानात यायचे,
जुन्या चादरीत ढाल गुंडाळून,
तापानं फणफणलेलं पोर आणावं तशी.
सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवर विजेत्याचं नाव, साल,
आणि खाली बारीक अक्षरात: मजुरी जरा कमी करा.

आमचा धंदा अक्षराचा. अक्षराला दहा पैसे,
काना-मात्रा फुकट, जोडाक्षराचे दोन पैसे जास्त.
बाबा म्हणायचे, मंडळाचं बारसं करताना
आधी कोरणाऱ्याला विचारावं.
श्री जरीमरी सेवक बाल व्यायाम मंदिर, नायगाव:
तीनदा जिंकले,
तीनदा चांदीची पट्टी पुरली नाही.
तिसऱ्यांदा बाबांनी 'बाल' गाळला.
मंडळ भांडायला आलं, चहा पिऊन गेलं.
त्यांच्यातला थोरला बाल तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता.

वरच्या पट्ट्यांवर हुतूतू आहे.
मग एका सालापासून कबड्डी.
कुठंतरी ठराव झाला असेल, सह्या झाल्या असतील.
मला एवढंच ठाऊक, 'ड्ड' कोरताना
कलम एकदा तरी घसरतं.

हरणाऱ्याला ढालीवर जागा नसते.
अरुणोदय, डिलाईल रोड. सहा अंतिम सामने.
त्यांचं एक अक्षरही या हातांनी कोरलं नाही.
तरी त्यांचा चढाईवाला भिवा मांजरेकर
दुकानावरून जाताना थांबायचा,
काचेला नाक लावून विचारायचा,
"किती पट्ट्या राहिल्या रे अजून?"

एकोणसत्तरची पट्टी कोरी आहे.
बघणारे म्हणतात, मारामारी झाली असेल,
नाहीतर पंचांचा घोळ.

झालं होतं असं.
जिंकले होते काळाचौकीचे नवज्योत, एका गुणानं.
शेवटची पकड डाव्या कोपऱ्यातल्या जनू आंब्रेची.
मांजरेकर मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे आडवा
आणि त्याच्याखाली जनूचा गुडघा,
नको त्या बाजूला वळलेला.
मैदानावर टाळ्या चालूच होत्या.

आठ दिवसांनी नवज्योतच्या कप्तानानं
ढाल पेढीवर गहाण टाकली. साडेतीनशे रुपये.
ऑपरेशन झालं.
खोपकर महिनाभर ढाल शोधत हिंडले,
कळलं तेव्हा परळच्या पुलावर खाली बसले म्हणे.
मग बारा मंडळांकडून वर्गणी.
सगळ्यात जास्त अरुणोदयची,
मांजरेकरनं स्वतः आणलेली, रुमालात, सगळी नाणी,
मोजायला बाबांना दुपार लागली.
मी नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती लावत होतो.

ढाल सुटून आली तेव्हा मे उजाडला होता.
बाबांनी कलम उचललं, विचारलं, नाव?
नवज्योतचा कप्तान म्हणाला, आमचं नको,
आम्ही ती ठेवायला लायक नाही.
मांजरेकर म्हणाला, आमचं कसं? आम्ही हरलो.
वहीत बाबांचं अक्षर आहे अजून:
एकोणसत्तर. अक्षरं शून्य. मजुरी, दोन चहा.

आता माती गेली, मॅट आली.
चषक तयार येतात, नाव यंत्र कोरतं, चुकीचंसुद्धा सुबक.
जिल्ह्याचं कार्यालय पाडलं,
तेव्हापासून ढाल माझ्याकडेच, शिलाई मशीनच्या मागं.
मांजरेकर गेला. जनू गावी आहे, लंगडतो म्हणतात.

परवा एक मुलगी आली, घामेजलेली, ढोपराला पट्टी.
काका, आम्ही जिंकलो. महिलांचा गट.
जुनी ढाल तुमच्याकडे आहे ना?
मी चादर सोडली.
तिनं बोट फिरवत फिरवत कोऱ्या पट्टीवर आणलं.
ही रिकामी आहे की.

नाही, म्हटलं. ती भरलेली आहे.

तिला पटलं नसावं. मोबाईलवर फोटो काढत राहिली.
मी ढाल पालथी केली.
मागं सागवान आहे. चांदीपेक्षा चिवट, हात भरून येतो.
चष्मा पुसला, मंडळाचं नाव विचारलं.

अ, रु, णो, द, य.
पाच अक्षरं. जोडाक्षर एकही नाही.