रोजचे चार किलोमीटर

मेव्हणा म्हणाला, चार किलोमीटरसाठी एवढी गाडी?
शहापूर ते उद्यमबाग,
मध्ये एक रेल्वे गेट आणि उसाचे दोन-तीन ट्रॅक्टर.
मी म्हटलं, चार नव्हे, आठ.
संध्याकाळी परत पण यायचं असतंय की.
त्याने हप्ता विचारला.
मी मायलेज सांगितलं.

खरं सांगू? दारासाठी घेतली.
शोरूममधला पोरगा टाय सरळ करत
छतातलं आभाळ दाखवत होता,
गार होणारी सीट, बारा स्पीकर.
मी दार उघडलं, लावलं.
उघडलं. लावलं.
ठप्.

एकतीस वर्षं लेथवर बुश काढलेत मी.
केसभर जादा घासला तर आयुष्यभर खुळखुळतो,
केसभर कमी, तर तोंडाशीच अडून बसतो.
आणि बरोबर निघाला
की आत जाताना हवा हळूच बाजूला होते,
आवाज म्हणावा तर तेवढाच.
कुठल्या तरी थंड देशात कुणीतरी
डबा खाऊन आल्यावर
एक डोळा मिटून
हे बिजागर बघितलं असणार.
पोराला वाटलं, गिऱ्हाईक खुळं आहे.

याहून मोठी होती, तिसऱ्या रांगेची.
नको म्हटलं.
तिसरी रांग म्हणजे कंग्राळीपासून येळ्ळूरपर्यंत
प्रत्येक भावकीच्या लग्नात आपण ड्रायव्हर.
ही मधली.
गणपत गल्लीच्या तोंडाशी आरसे मिटून घेते
आणि नरगुंदकर चौकात वळताना
कुणाच्या शेंगांच्या टोपलीला लागत नाही.

पहिल्या दिवशी पडद्याने विचारलं, भाषा निवडा.
या प्रश्नावर आमच्याकडे
पाट्यांना काळं लागलंय, बसच्या काचा गेल्यात,
माझ्या थोरल्या भावाने तेरा दिवस हिंडलग्यात काढलेत.
मी बोटाने यादी खालपर्यंत सरकवली.
दोन्ही नव्हत्या.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
दोघांना सारखा निकाल.

गेट पडतं. मालगाडी.
काच वर असली की डबे नुसते सरकतात,
हॉर्न मारणाऱ्यांचे फक्त हात दिसतात,
पेरूवाली काहीतरी म्हणते, ओठांवरून दहाला तीन असावेत.
काच चार बोटं खाली घेतो:
सगळं बेळगाव एकदम आत,
तीन भाषांत, धुरासकट.
पुन्हा वर करतो.
थोडी लाज वाटते.
थोडीच.

त्या आठवड्यात बंद होता, बस निपाणीलाच थांबलेल्या.
इराप्पा बडिगेर, आमचा पॅटर्नवाला,
पिरनवाडीला चालत निघालेला.
बसा म्हटलं.
ब्याड री, म्हणाला, अंगावर भुसा आहे.
बसा हो.
तेव्हा पिशवीतून पेपर काढून
सीटवर नीट पसरला, कडा जुळवून,
आणि त्यावर बसला, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा.

पिरनवाडी येईपर्यंत तो रस्त्याकडे बघत नव्हता.
समोरच्या लाकडी पट्टीवर
बोटाच्या पेराने टकटक केली.
कान लावला.
हे लाकूड नव्हे री, म्हणाला.
वर कागदाएवढी साल, खाली प्लास्टिक.
एवढे लाख मोजून मला हे माहीत नव्हतं.
मग अंगठ्याचं नख
पट्टीच्या सांध्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं,
कुठेही न अडकता.
जोड चलो ऐती.

उतरला. दार इतकं हळू लावलं
की लागलंच नाही, गाडी कुरकुरली.
मी आतून खूण केली, ढकला.
ठप्.

तो दोन पावलं गेला.
थांबला.
परत येऊन उघडलं,
माझ्याकडे न बघता,
परत लावलं.

पेपर सीटवरच राहिला,
बंदच्या बातमीवर भुशाचे दोन गोल.
परवा मेव्हणा बसायला आला तेव्हा म्हणाला, हे काय?
म्हटलं, असू दे. त्यावरच बस.