लाईनमन

त्या उन्हाळ्यात रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत
मी एक प्रोग्रॅम लिहिला.
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाला लागून
बाजरीच्या दाण्याएवढा दिवा.
जोडणी असली की हिरवा, तुटली की राखाडी.
वर माउस नेला की पिवळ्या चिठ्ठीत
किती मिनिटं झाली, किती बाइट गेले, किती आले,
आणि बिलात किती रुपये चढले.
नाव ठेवलं, लाईनमन.

आई म्हणाली, लाईनमन खांबावर चढतो.
हा तर खाली उभा राहून नुसता वर बघतोय.

आई म्हणजे ऑपरेटर अकरा.
ट्रंक बोर्डावर सत्तावीस वर्षं.
हेडफोनच्या पट्टीखाली भांगाला आडवी एक रेघ,
तिथे केस पुन्हा नीट उगवलेच नाहीत.
खंडवा, बऱ्हाणपूर, भुसावळ ही गावं
तिने पाहिली नव्हती कधी,
पण प्रत्येकाची खरखर तिला वेगळी ओळखू यायची.

मॉडेम कण्हू लागला
की पोळी लाटता लाटता तिचा हात थांबे.
"नाही लागायचा."
पडद्यावर अजून पासवर्डची पडताळणी चाललेली.
मग दिवा राखाडी.
"रेसिडेन्सीकडच्या केबलमध्ये पाणी शिरलंय,"
असं तव्याला सांगून ती पोळी उलटायची.
मी चिडून वेगाचा आलेख जोडला,
नोंदवही जोडली, तारीखवार.
ती तरीही तीन सेकंद पुढे.

तिने एकच गोष्ट मागितली.
तीन मिनिटं झाली की टिंग वाजव.
आता तीन मिनिटांचा हिशेब नसतो गं, मी म्हटलं.
"असू दे. माणसाला कळायला हवं."

रात्री दर कमी, म्हणून अकरानंतर मी बसायची.
कोण होता पलीकडे, ते तिने विचारलं नाही.
पडद्याकडे पाठ करून लसूण सोलत बसे,
टिंग वाजली की सालं फुंकायची,
मध्येच म्हणायची, "हिरवा आहे ना?"
बस, एवढंच.

एकदा दिवे गेले. यूपीएस रडत होता.
अंधारात मी विचारलं,
इतकी वर्षं लोकांचं काय काय ऐकलंस?
"काही नाही. नियम होता.
आत शिरायचं, दोन्ही आवाज आहेत एवढं पाहायचं, निघायचं.
शब्द ऐकले की ते घरी येतात मागोमाग."

मग बऱ्याच वेळाने, मी विसरल्यावर:
"खंडव्याचा एक कॉल होता. सहा मिनिटं.
दोघंही गप्प.
गप्प लाईन तोडायची, असं लिहिलेलं होतं.
पण श्वास येत होता दोन्हीकडून.
मी प्लग धरून बसले.
सुपरवायझर बाई ओरडल्या.
पैसे सहा मिनिटांचेच लावले मी, सूट नाही दिली."

लाईनमनमध्ये माझी एक ओळ होती:
दहा मिनिटं काही आलं-गेलं नाही, तर जोडणी तोड.
खर्च वाचवणारी, मला अभिमान असलेली ओळ.
दुसऱ्या दिवशी तिच्या आधी
एक एकेरी अवतरणचिन्ह टाकलं.
असं केलं की ओळ जागेवर राहते,
चालत मात्र नाही.

त्या महिन्याचं बिल नऊशे चाळीस आलं.
आईने ते गॅसच्या पुस्तकात ठेवून दिलं, बाबांना म्हणाली,
एक्सचेंजमध्ये मीटर बिघडलेत सध्या.

पलीकडचा तो जून संपता संपता थांबला.
नोंदवहीत दिसतं: गेले चारशे बारा, आले शून्य.
गेले नव्वद, आले शून्य.

आता मी वडोदऱ्याला, ती तिथेच.
दिवा वगैरे काही नाही, जोडणी लागत नाही की तुटत नाही,
रात्रंदिवस असतेच कुठेतरी भिंतीत.
रविवारी फोन करते. बोलायचं संपतं लवकर,
तिच्या गुडघ्यांचं होतं, माझ्या बदलीचं होतं.
मग दोघी गप्प.
कुकरची शिट्टी होते तिच्याकडे. एक. दुसरी.

आणि तिसऱ्या मिनिटाला, ठरल्यासारखी,
घरच्या मराठीतून उठून,
एकदम करड्या सरकारी आवाजात ती मध्ये शिरते:

"बात हो रही है?"

हो रही है, मॅडम, मी म्हणते.
पलीकडे काही तुटल्याचा आवाज येत नाही.