शेरा

लीमाच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर
पाऊस पडत नाही.
आभाळ नुसतं ओलं असतं महिनोन् महिने,
न वाळलेल्या धुण्यासारखं अंगाला चिकटतं,
आणि नळ नसतो.

माझ्या पिशवीत गोळ्या, बेडक्याच्या डब्या,
निळ्या पुठ्ठ्याची वही.
पायऱ्या पिवळ्या रंगवल्यात, मागच्या निवडणुकीत.
एकशे नव्वद. मोजल्यात मी.
त्यापुढे पायऱ्या नाहीत,
माती आहे, आणि माझे गुडघे.

वेन्सेस्लाओ. वय बावीस, वजन सत्तेचाळीस.
जीन्सला खिसे शिवतो, खिशामागे पैसे.
तळघरात चौदा यंत्रं, एक पंखा.
खिडकी होती म्हणे,
तिच्यासमोर कापडाचे तागे रचत गेले
आणि एक दिवस ती भिंत झाली.
तिथे पहिला कोण खोकलं, कुणालाच आठवत नाही.
शेजारच्याचा दोरा संपला की आपण रीळ पुढे करतो,
तसा तो खोकला पुढे गेला असणार.

वहीतला शेवटचा रकाना शेऱ्याचा.
बोटभर रुंद.
मंगळवारी आला नाही. शुक्रवारी आला नाही.
पुढच्या मंगळवारीही नाही.
डॉक्टरांनी लिहिलं: रुग्ण असहकारी.
माणूस वाईट नाही. त्यांच्या टेबलावर अशा सत्तर वह्या,
आणि दुपारी दोनला त्यांची दुसरी नोकरी सुरू होते.

मी चढून गेले.
तो दारातच होता, निळ्या ड्रमाला टेकून,
रस्त्याच्या वळणाकडे डोळे लावून.
म्हणाला, टँकर मंगळवारी येतो आणि शुक्रवारी.
किती वाजता, ते ड्रायव्हरला ठाऊक.
ड्रमापाशी माणूस दिसला नाही तर थांबत नाही.
आईच्या खांद्याला पाइप उचलत नाही आता.
आणि मग, जरा ओशाळून,
"गोळी गिळायलाही पाणीच लागतं ना, सेन्योरा."

त्याची आई फ्लोरमिला आमचं बोलणं
अर्धंच समजत होती; तिची भाषा डोंगरापलीकडची.
तिने मला बसायला बादली उलटी करून दिली.
बादली रिकामी होती म्हणून जमलं.

टेकडीच्या माथ्यावर एक भिंत आहे.
तिच्या पलीकडे हिरवळीवर फवारे फिरतात,
वाऱ्याची दिशा बरी असली की आवाज येतो.
तिकडे पाणी स्वस्त, कारण ते नळातून चालत येतं.
इकडे ते डिझेल पिऊन येतं
आणि डिझेलचे पैसे ड्रमवाल्याने द्यायचे.
धुकं मात्र दोन्हीकडे सारखंच उतरतं, फुकट.

टँकर सव्वाबाराला आला.
पाइपाचं एक टोक मी धरलं.
ड्रमात पडणाऱ्या पहिल्या धारेखाली त्याने पेला धरला,
चार गोळ्या, एका घोटात.
पाणी उकळलेलं नव्हतं. मी बोलले नाही.
गॅसचं सिलिंडरही याच वाटेने चढतं.

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार
मी टँकरमागून चढते.
ड्रायव्हर नेमेसिओ माझ्यासाठी दोनदा हॉर्न देतो,
कधीकधी वळणापर्यंत बसवूनही घेतो,
नियमात बसत नाही ते.
वेन्सेस्लाओचं वजन आता एकोणपन्नास.
"रुग्ण असहकारी"वर मी रेघ मारली
आणि बारीक अक्षरात लिहिलं: पाण्याचा दिवस.

तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं,
हा कसला शेरा? यादीत नाही हा.
मी म्हटलं, रकाना लहान आहे, बाई.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
मग पान उलटलं.

पुढच्या पानावर दोन नवी नावं आहेत.
एक एकोणीस वर्षांची, काज करणारी.
एक एकतीसचा, बाप दोघांचा.
तळघर तेच.
त्यांच्या शेऱ्यात मी लिहिलंय: खिडकी.
अजून कुणी विचारलेलं नाही.