पन्हा

लव्हर्न हॉस्टेटलरच्या गोठ्यात, जिथं आता गाई नाहीत,
ते उभं होतं शेपूट जमिनीला टेकून,
निरशा दुधाच्या सायीसारखं पिवळट.
मी आधी इंजिन पाहायला हवं होतं.
मी कापड पाहिलं.
चिमटीत येईना इतकं ताणलेलं,
म्हणून टिचकी मारली.
शेकलेली हलगी बोलते तसं बोललं.

आमचे अण्णा इचलकरंजीत मागांचे जॉबर.
ठाणावर भिंग ठेवून
इंचात उभे धागे किती, आडवे किती, मोजायचे
आणि घेणाऱ्याला सांगायचे,
रंगाला भुलू नका, उजेडात धरा.
मी पंखाखाली ओणवी झाले.
झरोक्यातलं ऊन वरून कापडात उतरलं
नि आतल्या बरगड्या दिसल्या,
तापातून उठलेल्या पोराच्या दिसतात तशा.

चीज फॅक्टरीतला क्लेटन म्हणाला होता,
पहिलं विमान धातूचंच घे,
उन्हात पडलं तरी कुजत नाही, विकताना भाव येतो.
खरं आहे त्याचं.
त्याच्याकडे सेसनाचा चौथा हिस्सा आहे
आणि महिन्यातला एक रविवार.
श्रीरंगने तक्ता केला: हप्ता, हँगरचं भाडं, विमा,
शेवटच्या रकान्यात माझं वय, एकोणसाठ.
"अंथरूण पाहून पाय पसर," म्हणाला.
मग ताटाकडे बघत,
"पण मी कुठे बसायचं यात?"
यात जागा एकच.
मी त्याला आणखी थोडा भात वाढला.

रिकामं वजन एकशे बारा किलो:
आमच्या स्विस चीजची सव्वा चाकं.
पेट्रोल पाच गॅलन.
लायसन्स लागत नाही, असं लव्हर्न दोनदा म्हणाला,
तिसऱ्यांदा म्हणाला, "तरी शिकून घे."
मक्याची पात सळसळली तर उडायचं नाही.
ढग खाली आले तर नाही.
मन थाऱ्यावर नसलं तरी नाही.
"वीस वर्षांत याने मला
जास्त करून घरी बसायला शिकवलं."
आता त्याचे गुडघे आत मावत नाहीत.

कापड आवळलं साध्या इस्त्रीने,
बायकोच्या, तिला न विचारता.
पण टाके?
दर बरगडीवर दोन-दोन बोटांवर गाठ,
दोरा मेणातून ओढलेला,
एकही गाठ दुसरीहून मोठी नाही.
टाके बहिणीचे, एडाचे.
लव्हर्न तरुणपणीच त्या घरातून बाहेर पडला, ती राहिली:
दारात बग्गी, घरात वीज नाही,
आणि उडणं तिच्या लेखी गर्व.
तरी त्या हिवाळ्यात ती रोज आली,
गोधडीची सुई घेऊन, स्वतःचा डबा घेऊन.
काय शिवतेय ते एकदाही विचारलं नाही.
पहिल्या उड्डाणाच्या सकाळी
ती टोमॅटोला काठ्या बांधत होती, पाठ फिरवून.
लव्हर्न म्हणतो, तिच्या परड्यावरून गेलो तेव्हा
तिने वर पाहिलं नाही,
पण सुतळी गुंडाळणारा हात
थांबला होता.

मी इसाराचे पैसे तिथंच दिले.
इंजिन नंतर सुरू करून पाहिलं,
तिसऱ्या झटक्याला, खोकत.

परतताना मिलर्सबर्गच्या चढावर
पुढे एक बग्गी होती, मागे कंदील लावलेली.
मला ओलांडता आलं असतं.
मी घोड्याच्या चालीने चालवत राहिले
आणि अण्णांना फोन लावला. तिकडे पहाट.
कानाला कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून सांगितलं,
अण्णा, विमान घेतलंय. कापडाचं.
मला वाटलं रागावतील, किंवा हसतील.
"पन्हा किती?"
मी म्हटलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ मीटर.
बराच वेळ फक्त त्यांचा श्वास.
मग म्हणाले,
"एवढा रुंद माग कुठं बसवलाय त्यांनी?"